सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊन पहिल्या शिकारीला जाताना

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतातील हौशी शिकार बंद झाली, आणि ती बंद झाली हे योग्यच झाले असे माझे मत आहे. त्यामुळे महाराष्ट्रातून थेट टेक्सासला आलेल्या माणसाच्या मनात शिकारीचे चित्र असते ते आजोबांच्या गोष्टींमधले: मचाण, हाका, ठासणीची बंदूक. इथे मात्र नोव्हेंबर उजाडला की ऑफिसमधला सहकारी सहज विचारतो, की या शनिवारी हरणाला येणार का, आणि हातात देतो ती बहुधा सेमी-ऑटोमॅटिक रायफल. ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टन परिसरातील ज्या मराठी मंडळींवर असा प्रसंग येतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातील बऱ्याच गोष्टी मी स्वतः चुका करून आणि माझ्याहून जुन्या शिकाऱ्यांशेजारी बसून शिकलो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे सलग गोळ्या सोडणारे लष्करी हत्यार नव्हे. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र त्या गोळीमागच्या वायूच्या किंवा धक्क्याच्या जोरावर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता ठोकळा, आपोआप मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे ढकलते आणि मॅगझिनमधले, म्हणजे काडतुसांच्या पेटीतले, पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, जाऊन बसते. या रायफलीची सगळी सोय याच गोष्टीत आहे आणि सगळा धोकाही याच गोष्टीत आहे. गोळी सुटल्यावर बंदूक रिकामी झाली असे आपल्या हाताला वाटते, परंतु ती त्याच क्षणी पुन्हा भरलेली आणि सज्ज असते. पुढची प्रत्येक सूचना यातूनच निघते.

पहिली पायरी: रायफलीला हात लावण्यापूर्वीचा कायदा

येथे आपल्या लोकांनी विशेष काळजी घेतली पाहिजे, कारण एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असलेली व्यक्ती अमेरिकेच्या संघीय कायद्याच्या दृष्टीने ‘नॉन-इमिग्रंट’ असते, आणि अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला असलेल्या अपवादांपैकी आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ग्रीनकार्डधारकाला ही अडचण नसते. ‘मी विकत थोडीच घेतोय, मित्राचीच बंदूक जरा हातात घेतली’ हा युक्तिवाद टिकेल असे समजू नये. दुसऱ्याची बंदूक तात्पुरती हातात घेणे हेसुद्धा ‘बाळगणे’ ठरू शकते.

या नियमातली एक खोच नवख्यांच्या लक्षात येत नाही. टेक्सासने १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारण्यासाठी शिकारीच्या परवान्याची अट काढून टाकली. त्यामुळे मित्र अगदी खात्रीने सांगतो की डुकरासाठी परवाना लागतच नाही. राज्याच्या नियमाप्रमाणे त्याचे बरोबर आहे. पण तुम्ही एच-१बी वर असाल, तर संघीय कायद्यातील तो अपवाद तुम्हाला मिळतो तो परवान्यामुळेच, म्हणून डुकरासाठी जातानाही तो खिशात असलाच पाहिजे. टेक्सासचा परवाना ऑगस्टअखेर संपतो, हेही लक्षात ठेवावे. सप्टेंबरमध्ये जुन्या परवान्यावर रायफल घेऊन निघणे व्हिसाधारकाला फार महागात पडू शकते. व्हिसाबाबत थोडीही शंका असेल तर वकिलाला विचारून मगच पुढे जावे.

२ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासमध्ये ‘हंटर एज्युकेशन’चे प्रशिक्षण घ्यावे लागते. सतरा किंवा अधिक वर्षांच्या व्यक्तींना ते संपूर्ण ऑनलाइन करता येते आणि एका हंगामापुरते पुढे ढकलण्याची सवलतही मिळते. ही सवलत घेऊ नये, आणि ज्याच्या राहत्या गावाजवळ प्रत्यक्ष वर्ग भरतो त्याने पडद्यावरच्या धड्यांवर समाधान मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तारेच्या कुंपणापाशी आल्यावर रायफल आधी पलीकडे कशी ठेवायची, नळी कोणत्या दिशेला असावी, कोणी कोणाच्या हातात कधी द्यायची, हे एकदा हातांनी करून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

टेक्सास सोडून इतरत्र जाणार असाल, तर तिथले नियम नव्याने वाचावे लागतात. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी सेमी-ऑटो रायफल चालते, पण मॅगझिन आणि चेंबर मिळून सहाच काडतुसे भरता येतात. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी वस्ती इतकी मोठी आहे, हरणाच्या शिकारीला अशी रायफल मुळात चालतच नाही. पेनसिल्वेनियाने २०१७ मध्ये सेमी-ऑटो रायफलला परवानगी दिली ती छोट्या सावजासाठी आणि फरच्या कातडीसाठी मारल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी, हरणासाठी नव्हे. म्हणून ‘मागच्या राज्यात चालत होते’ या आधारावर कुठेही रायफल घेऊन जाऊ नये.

दुसरी पायरी: रायफलीची निवड

शिकारीची सेमी-ऑटो रायफल ही नवी कल्पना नाही. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावर बनलेली रेमिंग्टनची मॉडेल ८ ही रायफल १९०६ पासून बाजारात होती. आज जुन्या शिकाऱ्यांच्या हातात अधिक दिसते ती ब्राउनिंगची बीएआर (ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल). ही १९६७ पासून बनू लागली, आणि पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेल्या त्याच नावाच्या लष्करी हत्याराशी तिचा संबंध नावापुरताच आहे. बेनेलीची आर१ ही या शतकातली. तरुण शिकाऱ्यांकडे मात्र बहुतांशी एआर-१५ आणि तिची मोठी बहीण एआर-१० याच घडणीच्या रायफली असतात.

या दोन घराण्यांत नवशिक्याला जाणवणारा मुख्य फरक मळाचा आहे. बीएआर किंवा आर१ मध्ये वायू पिस्टनला ढकलतो आणि काजळी मुख्यतः पिस्टनपाशीच राहते. मूळ धाटणीच्या एआर मध्ये वायू नळीवाटे थेट बोल्ट कॅरियरमध्ये, म्हणजे बोल्ट धरणाऱ्या भागात, येतो, त्यामुळे बोल्टवर काजळी साचते. उलट तो बोल्ट काही क्षणांत, कोणत्याही अवजाराशिवाय बाहेर काढून पुसता येतो. मला विचाराल तर, ज्याला साफसफाईचा कंटाळा आहे त्याने सेमी-ऑटो घेऊच नये. हाताने ओढायची बोल्ट-ॲक्शन रायफल दुर्लक्ष खूप सहन करते, सेमी-ऑटो करत नाही.

शिकाऱ्यांचा सर्वांत एकमुखी अनुभव धक्क्याचा आहे. .३०-०६ या मापाचे तेच काडतूस बोल्ट-ॲक्शनमधून उडवले तर खांद्याला झटका बसतो; वायूवर चालणाऱ्या रायफलीत तो थोड्या अधिक वेळात पसरतो आणि ढकलल्यासारखा लागतो. ज्याचा खांदा दुखावलेला आहे किंवा जो आवाजाच्या धास्तीने डोळे मिटतो, त्याला याचा खरा उपयोग होतो. दुसरीकडे चाप बहुधा जड असतो. चांगल्या बोल्ट-ॲक्शनचा चाप जिथे हलक्या स्पर्शाने सुटतो, तिथे इथे ओढताना नळी किंचित बाजूला जाते, आणि ती सवय मोडायला बरीच काडतुसे खर्ची पडतात. अचूकतेची चिंता मात्र लोक उगाच करतात. शंभर यार्डांवर दीड-दोन इंचांत तीन गोळ्या बसत असतील, तर हरणाच्या छातीतील मर्मस्थान सुमारे आठ इंचांचे असते हे आठवावे आणि निश्चिंत व्हावे.

डावखुऱ्यांनी घेण्यापूर्वी रायफल खांद्याला लावून पाहावी. बहुतेक रायफली पुंगळी उजवीकडे फेकतात, आणि डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यासमोरून ती तापलेली पुंगळी जाते. डोळ्यांवर चष्मा नसेल तर हा धोका घेऊ नये.

तिसरी पायरी: काडतुसे

टेक्सासमध्ये हरणासाठी रिमफायर काडतूस (ठोका तळाच्या कडेवर बसणारे), म्हणजे साधे .२२, चालत नाही, सेंटरफायर (ठोका तळाच्या मध्यावर बसणारे) काडतूसच लागते. .३०८ विंचेस्टर हे नवशिक्याला सर्वांत सोयीचे, सहज मिळणारे काडतूस आहे. .२२३ नेही कायद्याने हरीण मारता येते, परंतु त्यात नेम चुकल्यास जनावर जखमी होऊन दूर जाण्याची शक्यता अधिक, म्हणून पहिल्या हंगामात मी ते सुचवणार नाही.

पुढची सूचना जीवावर बेतणाऱ्या चुकीबद्दल आहे. रानडुकरांसाठी लोकप्रिय असलेले .३०० ब्लॅकआउट हे काडतूस एआर-१५ च्या त्याच मॅगझिनमध्ये बसते ज्यात .२२३ बसते. काही प्रकारची .३०० ब्लॅकआउट काडतुसे .२२३ च्या चेंबरमध्ये शिरतात आणि बोल्टही बंद होतो. मग जाड गोळी बारीक नळीत अडकते आणि रायफल हातात फुटते. माझ्या एका स्नेह्याकडे दोन्ही रायफली आहेत, तो.३०० ब्लॅकआउटच्या प्रत्येक मॅगझिनला लाल रंगाची पट्टी गुंडाळतो आणि दोन्ही प्रकारची काडतुसे एका दिवशी एका गाडीत कधीच नेत नाही. ही शिस्त जशीच्या तशी उचलावी. त्याचप्रमाणे नळीवर .२२३ एवढेच कोरलेले असेल तर तिच्यात ५.५६ नाटोची काडतुसे घालू नयेत. दिसायला सारखी असली तरी त्यांचा दाब वेगळा असतो.

एकच काडतूस रोज सकाळी चेंबरमध्ये घालणे आणि संध्याकाळी काढणे ही सवयही वाईट. बोल्ट ते जोराने आत ढकलतो, आणि असे वारंवार झाले की गोळी पुंगळीत मागे सरकू शकते, परिणामी दाब वाढतो. शिवाय एआर सारख्या रायफलीत फायरिंग पिन, म्हणजे ठोका मारणारी खीळ, मोकळी असते; काडतूस बाहेर काढून पाहिले तर तळाच्या टोपीवर बारीकसा ठिपका उठलेला दिसतो. एक-दोनदा आत-बाहेर झालेले काडतूस सरावासाठी वेगळे ठेवावे.

चौथी पायरी: सरावाचे मैदान

शिकारीसाठी जे काडतूस वापरणार त्याच काडतुसाने रायफलीवरची दुर्बीण जुळवावी, कारण गोळीचे वजन बदलले की नेम बदलतो आणि सेमी-ऑटो काही काडतुसांवर नीट चालते, काहींवर अडखळते. किमान चाळीस गोळ्या अडथळ्याविना सुटल्याशिवाय ती रायफल आणि ते काडतूस मी रानात नेत नाही. कानाचे संरक्षण रानातही काढू नये. रायफलीचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो.

सरावात एक नियम नवशिक्याने आवर्जून पाळावा: मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायचे. गोळी सोडायची, दुर्बिणीतून नजर न हटवता लक्ष्य पाहत राहायचे, सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावायची, मगच डोके उचलायचे. पाच काडतुसे भरून बसणारा नवशिका पहिला नेम चुकला की दुसरा घाईत सोडतो, तिसरा त्याहून घाईत, आणि तासाभरात त्याचा हात फक्त घाई शिकतो. ज्या जुन्या शिकाऱ्यांनी मला शिकवले, त्यांपैकी बहुतेकांनी आपापल्या मुलांना आधी बोल्ट-ॲक्शनवर बसवले होते, आणि त्याचे कारण हेच होते.

बार नेहमीपेक्षा दबका वाटला, फुसका गेला, तर तिथेच थांबावे. सेमी-ऑटोमध्ये अशा वेळी बोल्ट बहुधा स्वतः मागे जात नाही, आणि सवयीने माणूस तो हाताने ओढून पुढची गोळी सोडतो. पहिली गोळी नळीतच अडकलेली असेल, तर त्याचा परिणाम भयंकर होतो. मॅगझिन काढावे, चेंबर रिकामे करावे आणि नळी आरपार मोकळी आहे का ते पाहावे. चाप ओढूनही बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबावे आणि मगच काडतूस बाहेर काढावे.

पाचवी पायरी: रानातली पहाट

टेक्सासमधल्या बहुतेक खासगी रानांत शिकारी ‘ब्लाइंड’मध्ये, म्हणजे लाकडी किंवा कापडी खोपटात, बसतो आणि समोर मका टाकणारा फीडर असतो. गाडीतून ब्लाइंडपर्यंत रायफल रिकामी, मॅगझिन खिशात, असेच चालावे. आत बसल्यावर, नळी खिडकीबाहेर सुरक्षित दिशेला ठेवून, सेफ्टी लावून मगच भरावी.

भरण्याची ही क्रिया सोपी दिसते आणि माझी सर्वांत मोठी फजिती इथेच झाली. जानेवारीतली पहाट होती, अंधार पुरता सरला नव्हता, आणि बोल्टचा खणखणाट रानभर जाईल या भीतीने मी हँडल हातात धरून बोल्ट अगदी हळूहळू पुढे सोडला. आवाज झाला नाही, मला समाधान वाटले. पाऊण तासाने सात-आठ डुकरांचा कळप फीडरखाली आला. मी श्वास रोखला, चाप ओढला, आणि नुसता ‘टक्’ असा आवाज आला. बोल्ट जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मागे राहिला होता. काडतूस आत होते, पण कडी लागली नव्हती. तेवढ्या आवाजाने कळप झाडीत नाहीसा झाला. त्या दिवशी नुकसान फक्त हातचे सावज जाण्याचे झाले. बोल्ट नेहमी पूर्ण मागे ओढून मोकळा सोडावा, स्प्रिंगला तिचे काम करू द्यावे. आवाजाची भीती असेल तर दहा मिनिटे लवकर येऊन भरावे. एआर असेल तर उजव्या बाजूचे फॉरवर्ड असिस्टचे, म्हणजे बोल्ट पुढे ढकलणारे, बटण अंगठ्याने दाबून खात्री करावी. इतर रायफलींत हँडल हलकेच पुढे दाबून पाहावे.

मॅगझिन बसवल्यावर खाली ओढून बघणे हीसुद्धा अशीच छोटी, पण न चुकवण्याची गोष्ट आहे. अर्धवट अडकलेले मॅगझिन पहिल्या बारासरशी गवतात पडलेले मी दोघांच्या बाबतीत पाहिले आहे.

सहावी पायरी: पहिली गोळी आणि तिच्यानंतरचा क्षण

हरीण आडवे उभे असेल तर पुढच्या पायाच्या थोडे मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश उंचीवर नेम धरावा. डुकराचे हृदय त्याहून पुढे आणि खाली असते, म्हणून तिथे नेम खांद्यावरच, खालच्या भागात असावा. एकच गोळी आहे असे समजून नेम साधावा. दुसरी आहे हे आपल्या मनाला ठाऊक असणे हेच तिचे मोठे नुकसान आहे.

दुसऱ्या गोळीचा प्रामाणिक उपयोग दोन प्रसंगी होतो. पहिल्या गोळीने जनावर जखमी झाले आहे आणि अजून नजरेत, थांबलेले किंवा सावकाश जाणारे आहे, तेव्हा नजर न हलवता ताबडतोब दुसरी सोडता येते आणि त्याच्या यातना तिथेच संपतात. बोल्ट ओढताना दस्ता गालापासून सुटतो, सावज दुर्बिणीतून हरवते. सेमी-ऑटोत तसे होत नाही, आणि शिकारी तिला पसंती देतात ती मुख्यतः यासाठी. दुसरा प्रसंग रानडुकरांचा. टेक्सासमध्ये ही डुकरे मूळची नव्हेत. स्पॅनिश वसाहतकारांबरोबर ती आली, पुढे शिकारीसाठीही सोडली गेली, आणि आज त्यांची संख्या वीस लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे. एका रात्रीत शेत उकरून ठेवणाऱ्या कळपातील जितकी मारता येतील तितकी शेतकऱ्याला हवीच असतात.

धोकाही नेमका इथेच येतो. कळप उधळला की शिकारी पळत्या डुकरामागे नळी फिरवतो, आणि शेजारच्या खिडकीत बसलेला माणूस, पलीकडचे घर, रस्ता यांचे भान सुटते. म्हणून बसल्याबरोबर, सावज येण्याआधीच, आपली डावी आणि उजवी हद्द ठरवून घ्यावी. आमच्या जागेचा म्हातारा मालक खिडकीच्या चौकटीवर दोन्ही बाजूंना खडूने रेघ मारतो, आणि नळी त्या रेघेला लागली की सावज गेले असे समजायचे, असा त्याचा नियम आहे.

गोळी सुटली, जनावर पडले. या क्षणी नवशिका आनंदाने उठतो, रायफल हातात घेतो आणि शिडीवरून उतरू लागतो. बोल्ट-ॲक्शन असती तर चेंबरमध्ये रिकामी पुंगळी असती. इथे जिवंत काडतूस आहे, सेफ्टी उघडी आहे, बोट अजून चापाजवळ आहे. सेफ्टी लावणे हे गोळी सोडण्याचाच भाग आहे असा हात बसला पाहिजे. हरणासाठी किमान वीस मिनिटे जागेवरच बसावे. त्या वेळेत रायफल रिकामी करावी आणि मगच खाली उतरावे.

सातवी पायरी: रिकामी करणे आणि पुसणे

रिकामी करताना क्रम कधीही बदलू नये: आधी मॅगझिन बाहेर, मग बोल्ट मागे, मग डोळ्यांनी चेंबर पाहणे, आणि अंधार असेल तर करंगळी आत घालून चाचपणे. उलट क्रमाने केले, म्हणजे बोल्ट आधी ओढला, तर एक काडतूस बाहेर उडते आणि ते पाहून माणसाला वाटते की झाली रिकामी. प्रत्यक्षात बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधून दुसरे काडतूस आत घेऊन गेलेला असतो.

डुक्कर फाडताना रबरी हातमोजे घालावेत, कारण त्यांच्या रक्तातून ब्रुसेलोसिस हा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. मांस ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवावे.

घरी आल्यावर त्याच रात्री रायफल पुसावी. बीएआर सारख्या रायफलीत सळई नळीच्या तोंडाकडूनच घालावी लागते, म्हणून तोंडाशी संरक्षक गाइड लावावा किंवा दोरीने ओढायचे फडके वापरावे, आणि नळी खाली झुकवून ठेवावी, नाही तर मळ व तेल यांचे मिश्रण उलट बोल्टमध्ये आणि चापाच्या यंत्रणेत उतरते. तेल थोडेच लावावे. थंडीत दाट तेल गोठल्यासारखे होते आणि बोल्ट आळसावतो. गॅस पोर्ट (नळीतून वायू घेणारे छिद्र) आणि पिस्टनची काजळी काढावी, चेंबर वेगळ्या ब्रशने घासावे, कारण पुंगळी अडकण्याच्या बहुतेक तक्रारी खराब चेंबरमधूनच येतात. शेवटी रायफल कुलूपबंद कपाटात, मॅगझिन आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.